पाच लुगड्यांचे अंतर

"पाच लुगडे," मैनाबाई म्हणाल्या. "धुऱ्यावरच्या मोजणीच्या दगडापासून, समोरच्या मोहाच्या झाडाच्या रोखानं. तिथं विहिरीचं तोंड हाये."

सुरभीने मोबाइलवर आकडे मांडले. लुगडे नऊ वारांचे, वार तीन फुटांचा. एका लुगड्याचे सत्तावीस फूट, पाचांचे एकशे पस्तीस. एक्केचाळीस मीटर आणि किंचित अधिक. आर्णीच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती पदार्थविज्ञान शिकवत असे आणि एककाशिवाय लिहिलेल्या उत्तराला गुण देत नसे. लुगडे हे एकक तिने प्रथमच स्वीकारले होते, तेही दुसरा पर्याय नव्हता म्हणून. गटाच्या नकाशात विहीर नव्हती. ती बुजवलेलीही नव्हती. सासूबाई मैनाबाई नव्या नवरी असताना तिच्या तोंडावर सागाची लाकडे टाकून वर माती लोटली होती आणि जागा लक्षात राहावी म्हणून अंतर लुगड्यांनी मोजून ठेवले होते. त्या मातीवर आता गुडघाभर सोयाबीन वाळून उभे होते, आणि धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाला, कित्येक टन वजनाचे हार्वेस्टर.

"आई, तेव्हा लुगडं नऊ वारच होतं ना?"

"मंग काय आठ? मापात मारलं असतं तं सासूनं दुकानदाराच्या अंगावर फेकलं असतं."

"मास्तरीणबाई," फितीचे टोक गुंडाळत तिचा नवरा कपिल म्हणाला, "पेपर तपासून झाला असंन तं कापू का? मशीनचा नंबर लय मुश्किलीनं लागला."

एक्केचाळीस मीटरवर सुरभीने काठी रोवली. मोजमापातील चूक गृहीत धरून काठीभोवती तीन मीटरचे वर्तुळ वर्ज्य ठरवले. वर्तुळाच्या अलीकडच्या कडेवर तिनेच कपिलला उभे केले. तिथून त्याचा इशारा चालकाला दिसणार होता, आणि तिच्या हिशेबाने ती सर्वांत जवळची सुरक्षित जागा होती. धुऱ्यावरून मोठे निशाण हलले की कपिलने हात वर करायचा, आणि मग मशीन पुढे जायचे, असे ठरले.

निशाणासाठी चिंधी अपुरी होती. धुऱ्यावर परतल्यावर सुरभीने आपली ओढणी आणि मैनाबाईंचा दुपट्टा एकमेकांना बांधले. गाठ पक्की बसली. दोन्ही कापडे मात्र तिच्या अपेक्षेपेक्षा आखूड झाली. ती त्या गाठीकडे पाहत राहिली.

"आई, मोजताना एकच लुगडं पाच वेळा पुढं सरकवलं होतं, की पाच लुगडी जोडली होती?"

"जोडलेते ना. सासूचं, माह्यं, तिघी जावांचे."

"गाठी मारून?"

"नाही तं काय शिवून?"

"गाठीला किती कापड गेलं?"

मैनाबाईंनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. "दोन्हीकून इतकं इतकं. वारा होता. सुटू नये म्हून."

या वेळी हिशेबाला मोबाइलची गरज पडली नाही. हात दीड फुटाचा, एका गाठीत दोन हात, गाठी चार. बारा फूट वजा. विहिरीच्या तोंडाचा मध्य साडेसदतीस मीटरवर येत होता. कपिल अडतीसवर उभा होता. फीत धरून ती स्वतःही त्याच जागेवरून गेली होती आणि तिथूनच परतली होती.

"अहो! मागं सरका!"

हार्वेस्टरचे इंजिन सुरू झाले होते. कपिलने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली. तिने हातातले कापड जिवाच्या आकांताने हलवले. ते ठरलेले निशाण होते. कपिलने ते पाहिले, मान हलवली आणि चालकाला बोलावण्यासाठी हात वर केला.

मशीन निघाले. सुरभी कपिलकडे धावली नाही. तिच्या वजनाचाही हिशेब त्यात येत होता. ती मशीनच्या आडवी गेली.

चालकाने करकचून ब्रेक मारला, इंजिन बंद केले, किल्ली उपसून खाली उडी घेतली. "मरना है क्या, मॅडम जी?"

शेत एकाएकी शांत झाले.

"काहून थांबवलं वं?" कपिल हसला. "भेव वाटून राह्यलं काय? जमीन पक्की हाये इथं. हे पाह्य." आणि त्याने पाय उचलला.

"आपटू नका!"

तो आवाज कपिलने कधी ऐकला नव्हता. पाय अधांतरी राहिला, मग त्याने तो अलगद टेकवला.

"आडवे पडा. हातपाय पसरा. वजन तेवढंच राहतं, फक्त जास्त जागेवर... तुम्ही पडा ना हो. आणि सरकत या. काठीकडं नाही. बाजूला, डावीकडं." ती वर्गात बोलावे तसे बोलू पाहत होती, वाक्ये मात्र मधेच तुटत होती.

मैनाबाईंची आठवण कितपत खरी, हे तपासण्याची एकच पद्धत उपलब्ध होती, आणि तो प्रयोग कपिलच्या अंगाखाली चालू होता. तो पालथा पडला. सोयाबीनच्या शेंगा त्याच्याखाली तडतडल्या. गाल मातीला टेकला आणि त्याचे सरकणे थांबले.

"सरक, बाप्पा," मैनाबाई म्हणाल्या. "थांबू नोको."

"खाली माती पडून राह्यली," तो कुजबुजला. "आवाज लय उशिरा येते, माय."

कपिलने एक कोपर डावीकडे टाकले, मग दुसरे. चालकाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो वाजू नये म्हणून त्याने मूठ हळूहळू मिटत आणली, आणि किल्ल्यांचे दात तळहातात रुतले तरी सैल केली नाही.