वर्षाच्या आत

वाजंत्री ठरली होती, मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या, आणि नेमका गुंडेरावांच्या ओसरीवर उंदीर मरून पडला.

एखादा असता तर शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावला असता. पण मारुतीच्या देवळात पडले, शेजारच्या गुरुबाईच्या बळदात ज्वारीवरच पडले, पाटलाच्या माळवदावर पडले. "उंदीर पडायलेत!" एवढी हाळी जनवाडा गावाला पुरे होती. आधी उंदीर, मग माणसं. पिलेग म्हणजे काय ते गावानं मागं एकदा भोगलं होतं. दिवस मावळायच्या आत घरांना कुलपं लागली आणि रानात तुराट्या-कडब्याच्या खोपी उभ्या राहिल्या. तहसिलीचे जवान वाटेवर येऊन बसले. आतलं कुणी बाहेर नाही, बाहेरचं कुणी आत नाही.

अख्खं गाव देवाचा धावा करत होतं आणि राजूला मात्र हसू आवरत नव्हतं. स्वतःचीच लाज वाटायची तिला, पण काय करणार?

मांडव तिचाच होता की! बाप अंबाजी गेल्या चैत्रात गेला. बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुरती तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. म्हणून काका गुंडेरावांची घाई. स्थळ काढलं ते औरादच्या राघोबांचं. बिजवर, आणि थोरल्या पोराला मिसरूड फुटलेलं. पण त्यांच्या बैठकीत लोडाला टेकून बसायला मिळणार, म्हणून काकांना नवरदेवाचं टक्कल दिसत नव्हतं. राजूची आई वच्छलाबाई एकदाच "नको" म्हणाली. "बायकांना काय कळतंय?" म्हणून काकांनी उडवून लावलं. मग ती नवऱ्याच्या नावानं मुंग्यांना गूळ-पीठ घालायला निघून गेली.

खोपीत आल्यावर तिनं आधी मांजरीला मेढीला बांधलं, मग चूल मांडली.

"सोड की गं तिला," राजू म्हणाली. "घरी पण दाव्यालाच होती."

"घरी दुसऱ्याच्या दुधात तोंड घालत होती. हितं कोल्हं नेईल. राहू दे."

पहिले काही दिवस माणसं डोक्याला हात लावून बसली, आता कुणाच्या काखेत गाठ येते म्हणून. राजूला ते बघवेना. बापानं तिला अक्षरं शिकवली होती. तिनं खोपीपुढची माती हातानं सारवल्यासारखी सपाट केली आणि काडीनं अक्षरं काढायला बसली. बायका टिंगल करायला आल्या आणि फतकल मारून बसल्या. मरायचंच असेल तर निदान स्वतःचं नाव तरी लिहून मरू, असं गुरुबाई म्हणाली आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. रानात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

गुंडेराव तरातरा आले. "कामून रेघोट्या ओढायलीस? सासरी जाऊन कारकुनी करायचीय व्हय?" त्यांनी पायानं सगळं पुसून टाकलं.

राजूनं पुन्हा काढलं. त्यांनी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा तिनं ढेकळं बाजूला सारून आणखी मोठी जागा केली. काकांनी पाय उचलला, तशी गुरुबाई पुढं झाली.

"अण्णा, हे माझं नाव हाय. माझ्या हातानं काढलंय. ह्याच्यावर पाय ठिवून दावा बघू!"

गुंडेरावांनी पाय मागं घेतला, पण त्यांचा हेका काही सुटला नाही. अंबाजीचं वर्षश्राद्ध दोन-चार दिवसांवर आलं, तसे ते बैल जुंपूनच खोपीशी आले. "उठ राजू. वढ्याच्या अंगानं औराद गाठू. तिथंच अक्षता टाकू."

राजू जागची हलली नाही. "मी न्हाई येणार. बांधून न्या."

"न्या की भावजी," वच्छलाबाई चुलीपाशीच बसून शांतपणे म्हणाली. "निस्तं वेशीत सांगा, जनवाड्याहून आलाव म्हणून. व्याही पायाला पाणी घालतात का दगडं घालतात, ते बघा."

काकांनी बैल सोडले.

वर्षश्राद्ध रानातच झालं. पिंडाला कावळा शिवला तेव्हा राजू ढसाढसा रडली. बापासाठी रडली आणि सुटकेनंही रडली. पुढं बंदी उठली. राघोबांनी स्थळ मोडल्याचा निरोप धाडला. तीन वर्षं थांबायला ते काय विशीतले होते?

आणि नवल म्हणजे गावातलं एक माणूस दगावलं नाही! एकालाही गाठ आली नाही. सामान गाडीत भरताना गुरुबाईनं वच्छलाबाईचे पाय धरले. "अक्का, ही तुझी पुण्याई. नवऱ्याच्या नावानं मुंग्यांना गूळ-पिठाच्या गोळ्या घालत, घरोघरची बळदं न् माळवदं फिरलीस. देव बघतो गं!"

वच्छलाबाईनं पदर नीट केला. "बघतो बाई," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं राजूला मांजरीसकट अंगणातच बसवलं. एकटीनं झाडू घेतला, घरातले कानेकोपरे झाडले. मग शेजारीपाजारी फिरली. विधवेनं गोळ्या ठेवल्या त्या विधवेनंच उचलायच्या असतात, असं सांगत. उरलेल्या गोळ्यांनी सूप भरून आणलं, परसात कमरेइतका खड्डा खणला, त्यात ओतलं आणि माती लोटून पायानं घट्ट दाबली. हात तीनदा धुतले.

"राजू," ती म्हणाली, "सोड आता मांजरीला. उंदीर खाल्ला तरी मरायची न्हाई."