नखाएवढी साल

“कापा,” बायको म्हणाली.

घड्याळजीने कात्री उघडली आणि तशीच धरून ठेवली. समोर वर्तमानपत्रावर डाळिंबाचं झुडूप आडवं पडलं होतं. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात, फुटक्या कुंड्यांआड ते कित्येक वर्षं पडून होतं. काळी पिशवी फाडली तर आत माती जवळपास नव्हतीच. नुसती मुळं. गोल गोल फिरून एकमेकांचा गळा आवळत बसलेली.

“एवढी सगळी?”

“निम्मी. जाड आधी.”

“मरेल गं.”

“असंच ठेवलं तर नक्की मरेल. कापा.”

ती गॅलरीच्या दाराशी आरामखुर्चीत बसली होती. गळ्याखालून छातीवर उतरणारी टाक्यांची रेघ अजून ताजी होती. हात वर उचलायला मनाई होती, म्हणून आज झाड तिचं आणि हात त्याचे. सगळं नीट झालंय, आता महिनाभर सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचा त्याला धीर झाला नव्हता.

कच्. मूळ तुटलं. आतून पांढरं, ओलं. जन्मभर त्याने केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरल्या होत्या. घड्याळाचं बरं असतं. चुकलं तर पुन्हा उघडता येतं.

“आता ती सरळ वर गेलेली फांदी. मुळं कमी केलीत, मग वरचा पसारा पोसणार कोण?”

तीही गेली. उरलं ते वीतभर खोड आणि मोजकी पानं. बोन्सायच्या उथळ कुंडीच्या भोकावर त्याने जाळी ठेवली, वर रेती-माती पसरली, झाड बसवून तारेने बांधलं आणि तो काडीने मुळांमध्ये माती सारू लागला. मागून आवाज येईना. तो गर्रकन वळला.

“आहे, आहे. इथेच आहे,” ती म्हणाली. “तुम्ही काडी फिरवा.” मग झाडाकडे पाहून हसली. “नव्या सुनेसारखं अंग चोरून बसलंय बघा. आता सावलीत ठेवा. आणि महिनाभर हात लावायचा नाही. हलवून बघायचं नाही, साल खरवडून बघायचं नाही.”

“साल काढल्यावर आत हिरवं दिसलं की जिवंत असतं, तूच सांगितलंस.”

“एकदा बघायला सांगितलं होतं. मागच्या झाडाला तुम्ही रोज नख लावलंत. शेवटी साल उरली का त्याला? चालू घड्याळ उघडून बघायची खोड तुमची!”

तो कात्री पुसत राहिला.

दुपारी ती आत जाऊन झोपली. तो कुंडीपाशी उकिडवा बसला. पानं सकाळपेक्षा मलूल दिसत होती. अंगठ्याचं नख आपोआप खोडाला जाऊन टेकलं. त्याने हात मागे घेतला.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

तो अनवाणी खोलीत गेला. तिचं तोंड किंचित उघडं होतं. छातीवरची चादर हलत होती. पण ती पंख्यानेही हलत असेल. त्याने हात तिच्या नाकाशी नेला. बोटांना वारं लागलं. तेही पंख्याचंच असेल. त्याने पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला. मग मातीने भरलेल्या नखांचा तो हात पुन्हा पुढे केला.

“हिरवं आहे अजून,” ती डोळे न उघडता म्हणाली. “नख काढा. आणि पंखा लावा.”

त्याने पंखा लावला. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरून तो दारात उभा राहिला.