हँग अप

“बाबा, आज आम्ही देश सोडतोय. नवा पत्ता देते, लिहून घ्या...”

सरांनी रिसीव्हर आकड्यावर आपटला. भिंतीवरचा जुना फोन खिळ्यासकट हलला. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यापासून लेकीचा हा पहिलाच फोन होता.

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं विचारलं, “तिचाच ना?”

“राँग नंबर.”

जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण सरांना धड थाप मारता आली नाही कधी. ते तडक टेबलाशी जाऊन बसले. मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचं पुस्तक लिहायला घेतलं होतं, आणि नेमकं आज ‘हँग अप’ समोर आलं होतं. त्यांनी दात-ओठ खात लिहायला सुरुवात केली. पूर्वी फोन भिंतीवर असत. कानाला लावायचा भाग बाजूच्या आकड्याला अडकवला, की वजनानं आकडा खाली जाई आणि बोलणं संपे. म्हणून अडकवणं म्हणजे फोन ठेवणं. लोकांचे फोन टेबलावर आले, शब्द मात्र भिंतीवरच राहिला. पुढे ‘ऑन’ जोडलं, की अपमान होतो: समोरचा बोलत असतानाच फोन ठेवणं. उदाहरणार्थ...

पेन अडलं. बायको चहा घेऊन मागे उभी होती. तिनं वाचलं होतं.

“उदाहरण आत्ताच दिलंत की,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “आता कुठे शोधायची तिला?”

सरांनी पेन खाली ठेवलं. ना नंबर, ना गाव. ती कुठून बोलत होती, हेही विचारलं नव्हतं. जावयाची कधी चौकशीच केली नाही, मग त्याच्या घरचं कोण माहीत असणार? रागाच्या भरात पोटची पोर हातची घालवली होती, आणि ती आज निघाली होती.

चहा तसाच टाकून ते उठले. एक्स्चेंजला विचारलं तर फोन कुठून आला ते कळेल कदाचित. त्यांनी रिसीव्हर उचलला. डायल टोन नव्हता. आकडा दाबून पाहिला, पुन्हा दाबला. काही नाही. आपटून फोनही बिघडवला, असं वाटून त्यांना रडूच आलं.

मग रिसीव्हरमधून दूरचा गलका ऐकू आला. कुणीतरी कुणावर तरी खेकसत होतं.

“कोण आहे?” सरांनी घाबरत विचारलं.

“मीच, बाबा. फोन लावणाऱ्यानं ठेवल्याशिवाय लाइन तुटत नाही. केव्हाची धरून उभी आहे.”

सरांनी बायकोला खुणेनंच पेन मागितलं.

“पत्ता लिहून घेताय ना? लवकर घ्या. रांगेतले लोक आता मला बूथमधून ओढून काढणारेत.”