शेवटचा सांधा

सातवी पट्टी बसेना. आरशाच्या चौकटीचे सहा सांधे नखसुद्धा शिरणार नाही असे घट्ट मिटले होते, आणि सातव्यात दोन बोटं सहज जातील एवढी फट. सुतार लाकडी हातोड्याने ठोकत होता. त्याच्या बायकोने दोन्ही टोकं जीव खाऊन दाबून धरली होती. पुढचा घाव कुठे बसणार हे तिला ठाऊक होतं.

शेवटचा सांधा तिने धरायचा आणि तो मिटला नाही तर चूक तिच्या हाताची, ही त्या कामाच्या खोलीतली रीतच होती.

हातोडा तिच्या डाव्या हातावर उतरला. ती ओरडली नाही. ओरडलं की दुसरा बसतो.

"हातच वाकडा तुझा," सुतार म्हणाला. आवाज चढवायची त्याला कधी गरज पडत नसे. तिलाही ते आता पटत आलं होतं. मागे पाच बाजूंच्या घड्याळाची चौकट अशीच उघडी राहिली, तेव्हापासून तिची करंगळी सरळ होत नव्हती. आज शेजारचं बोट सुजू लागलं.

फळ्यांच्या थप्पीवर बसून शाळेचा अभ्यास करणारी लेक उठली. तिने प्लायवुडच्या तुकड्यावर सात बाजूंची आकृती काढली आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यांकडे रेघा ओढल्या.

"पाच त्रिकोण झाले, बाबा. एकशेऐंशी पाचा नऊशे. सगळे कोन मिळून नऊशेच व्हायला हवेत."

"आल्या मास्तरीणबाई," असं म्हणत सुताराने हातोडा बाकावर ठेवला आणि तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. पेन्सिल खाली पडून तिचं टोक मोडलं. पोरीने बाहीला ओठ पुसला, पटाशीने पेन्सिलीला टोक काढलं आणि करवतीखालच्या अंशांच्या चकतीपाशी गेली.

चकतीला पाच-पाच अंशांवर खाचा होत्या. नऊशे अंश पट्ट्यांच्या चौदा टोकांत वाटले तर प्रत्येक टोक चौसष्ट अंश आणि वर थोडं, असं कापायला हवं होतं. तशी खाच नव्हती, म्हणून करवत पासष्टवर अडकवली होती.

"तेवढं लाकूड सांभाळून घेतं," बाप म्हणाला.

"टोकं चौदा आहेत. चौदा वेळा पासष्ट, नऊशे दहा. ते वरचे दहा जातील कुठे? सगळे शेवटच्या सांध्यात येऊन साठतात."

त्याचा हात पुन्हा वर गेला. लेकीने मान आत ओढली, पण ती आता त्याच्याशी बोलतच नव्हती.

"आई, सहा बाजूंच्या चौकटीला कधी फट पडली का गं?"

आईने आठवून पाहिलं. कधीच नाही. सहाला बरोबर साठ लागतात, आणि साठाची खाच होती.

"मग तुझा हात सहाला सरळ, आणि पाचाला नि साताला वाकडा, असं कसं होईल?"

बाईने डाव्या हाताकडे बघितलं. करंगळी, म्हणजे पाच बाजू. शेजारचं बोट, म्हणजे सात. मग तिने धरलेली टोकं सोडून दिली. चौकट बाकावर सैल पडली. ती उठली, उजव्या हाताने बाकावरचा हातोडा उचलला आणि लेकीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आजचा शेवटचा सांधा तुम्ही धरा. मी ठोकते."

चौकटीची फट होती तशीच होती. पोर फटीकडे बघत होती, बाई नवऱ्याकडे.

सुताराने वर गेलेला हात खाली आणला, आणि दोन्ही हात हळूच पाठीमागे घेतले.