सहाशे कोटी सूर्य

पाकीट फोडायच्या आधी सरांनी तिसऱ्यांदा घसा खाकरला. समोर विभागाच्या हेडक्लार्क बाई हातात कात्री घेऊन बसल्या होत्या. शेजारी सरांची विद्यार्थिनी. तिची पीएचडी आता एका सहीवर अडली होती, आणि सही सरांची. सहा वर्षं ती एका दीर्घिकेच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर मोजत होती. आई घरी म्हणायची, "एवढ्या वेळात लोकांची मुलं शाळेत जायला लागली."

कृष्णविवर काट्यावर ठेवता येत नाही. ते दिसतही नाही. त्याच्याभोवतीचे तारे किती वेगाने गरगरतात ते मोजायचं आणि त्यावरून मधल्या धेंडाचं वजन काढायचं. घरातल्यांची पळापळ पाहून आतल्या खोलीतल्या आजोबांचा पारा ओळखावा, तसंच ते.

सरांनी वीस वर्षांपूर्वी हेच कृष्णविवर मोजलं होतं. सहाशे कोटी सूर्यांइतकं. त्या एका आकड्यावर त्यांनी बढती, पदक आणि दोन खिडक्यांची खोली मिळवली होती. भेटेल त्याला ते हा आकडा ऐकवत, अगदी लिफ्टमध्येसुद्धा.

माणूस मोजायला बसला की त्याला हवं तेच उत्तर काढतो, हे काही गुपित नाही. म्हणून विभागात एक नियम होता. बाई कॉम्प्युटरमध्ये एक गुप्त आकडा भरून ठेवायच्या आणि येणारं प्रत्येक उत्तर त्याने गुणून यायचं. तो आकडा पाकिटात, पाकीट बाईंच्या कपाटात. काम संपलं की पाकीट फोडायचं, उत्तराला त्या आकड्याने भागायचं आणि जे निघेल ते निमूट छापायचं. नियम सरांनीच केला होता. दुसऱ्यांसाठी.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं उत्तर आलं, नऊशे कोटी. सर कडाडले.

"बाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी गुप्त आकडा म्हणून सरळ एक भरला असणार, म्हणजे उत्तर आहे तेच. चूक तुझी आहे. नऊशे राहिले तर माझी सही विसर."

मग काटछाट सुरू झाली. हे तीन जोरात पळणारे तारे गाळ. विवराभोवती फिरणारी ती वायूची चकती जरा तिरकी धर. तिला एकही गोष्ट पटत नव्हती, पण अडला हरी, काय करणार? उत्तर उतरत उतरत बरोब्बर सहाशेवर आलं. सरांनी तिची पाठ थोपटली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी पाकीट कापलं आणि चष्मा चढवला.

"दीड."

"काय दीड?" सर म्हणाले.

"आकडा. दीड भरला होता. एक भरला तर एवढा खटाटोप कशाला, असं तुम्हीच नियमात लिहिलंय." बाईंनी बोटांवर हिशेब केला. "सहाशे भागिले दीड. चारशे कोटी. लिहू का?"

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चारशे म्हणजे त्यांचे सहाशे चूक. म्हणजे पदक, बढती, खिडक्या, सगळ्यावर पाणी. आणि नियमाप्रमाणे आता चारशेच छापायचे. ते गर्रकन तिच्याकडे वळले.

"हे तुझंच काहीतरी चुकलंय! मी सही करणार नाही!"

सहा वर्षं ती मान खाली घालून ऐकत आली होती. आज तिला भीतीच वाटेना. तिने मनातल्या मनात एक भागाकार केला होता आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"चुकलंच, सर. तुमचं ऐकलं. त्या पहिल्या नऊशेला दीडने भागून बघा."