मागे कोण?

कापड खाली आलं आणि भिंतीवरच्या पितळी पाटीवर रादोसावचं नाव झळकलं. खाली कोरलं होतं, ‘अकादमीचे शिल्पकार’. टाळ्या सुरू झाल्या तशी फुटबॉल क्लबच्या या संचालकाने नम्रपणे मान खाली घातली. सकाळी आरशासमोर घालून पाहिली होती, अगदी तशीच. जीव मात्र अजून टांगणीला होता. ओग्नेन बोलायचा राहिला होता.

ओग्नेन याच मैदानावर वाढला आणि परदेशातल्या बड्या क्लबात गेला. गावाचा लाडका. त्याच्या तोंडून एक नाव निघालं असतं तर पाटीचं सगळं मुसळ केरात गेलं असतं. तिहोमिर. इथली पोरं घडवली ती त्या म्हाताऱ्याने. चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं, ही त्याची शिकवण. बाकावर बसून तो ओरडायचा, "मागे कोण?" आणि पोरगं वळून पाहीपर्यंत ओरडतच राहायचा. पुढे रादोसावने त्याच्याकडून मैदानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला.

ओग्नेन माइकपाशी आला. आदल्या दिवशी जेवताना ठरलं होतं तसंच बोलला.

"मी आज जो काही आहे, तो रादोसावसाहेबांमुळे."

बोलून झाल्यावर त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. रादोसावला त्याचं काय! आता भाजलेलं कोकरू, आलुबुखाऱ्याची दारू, चार फोटो. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात गर्दी दोन्हीकडे सरकली. डोक्याला काळा रुमाल बांधलेली देसांका, तिहोमिरची बायको, थेट कबरीवरून आली होती. हातात टोपली, टोपलीत उकडलेल्या गव्हाचा वाडगा. आज मृतांचा शनिवार. ओग्नेनला सुट्टी याच दिवशी होती म्हणून ही तारीख धरली. "आज सगळं गाव कबरींवर असतं हो," असं चिटणीस म्हणाला होता. त्यावर रादोसाव हसला होता, "मग काय झालं? मेलेले थोडेच येणार आहेत कार्यक्रमाला!"

देसांकाने चमचा भरून पुढे केला. "घे, रादोसाव."

"वहिनी, मागाहून घेतो ना. ही सगळी मंडळी थांबलीयेत..."

"गव्हाला कुणी मागाहून म्हणतं का?"

नाही म्हणत. आजच्या दिवशी कुणी गहू पुढे केला की चमचाभर तोंडात घालायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो. एवढं तर चर्चच्या पायरीवरचा भिकारीही चुकत नाही. रादोसावच्या कॉलरला टीव्हीवाल्यांचा माइक अडकवलेला होता. त्याने गहू तोंडात घेतला. अक्रोड घातलेला, गोड. बराच वेळ चावत राहिला. सगळे थांबले होते. ओग्नेननेही आता मान वर केली होती.

"छान झालाय," रादोसाव म्हणाला.

देसांकाने वाडग्यावर फडकं ओढलं आणि ती बाजूला झाली. रादोसावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निघून गेलेली वेळ परत कशी आणायची?

"चला साहेब, पोरांबरोबर एक होऊन जाऊ दे!" फोटोग्राफरची हाक आली म्हणून बरं.

पाटीखाली पोरं उभी राहिली. त्यांच्यात ओग्नेन, आणि सगळ्यांच्या पुढे, बरोब्बर मध्यावर, रादोसाव. फोटोग्राफर हौशी होता. "असे पुतळ्यासारखे नका रे उभे राहू. मी चेंडू टाकतो, घ्या पायावर!" त्याने चेंडू लाथाडला.

चेंडू हवेत असतानाच सगळ्या पोरांनी एकदम माना वळवून मागे पाहिलं. ओग्नेननेही पाहिलं. ज्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तिहोमिरला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनीसुद्धा.

एकटा रादोसाव समोर बघत राहिला. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून घरंगळत गेला. त्याच्या मानेवर काटा आला होता. ओल्या मातीचा आणि तिहोमिर ओढायचा त्या हलक्या तंबाखूचा वास मागून येत होता, अगदी जवळून. गव्हाचा एक दाणा घशात अडकला होता, तो वरही येईना, खालीही जाईना. आपण वळून पाहिलं तर काय दिसेल, याची त्याला भीती वाटत होती.

"अरे, मागे काय ठेवलंय तुमचं?" फोटोग्राफर हसला. "परत घेऊ. साहेब, तुम्ही मात्र बरोबर उभे होतात हं."

"बरोबर कुठे?" देसांका म्हणाली. ती कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. आवाज चढलेला नव्हता. आपल्याच घरातला फोटो काढावा तसं ती म्हणाली, "रादोसाव, जरा बाजूला सर. तुझ्यामुळे तो झाकला जातोय."

कुणी हसलं नाही.

रादोसाव मागे न बघता एक पाऊल सरकला. कुणी न सांगता पोरांनीही अंग चोरलं, आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली. फोटोग्राफर ‘जवळ या’ म्हणणार होता, पण काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने तशीच कळ दाबली.