पेणचे तीन रविवार

पुण्याचा, पनवेलचा आणि पेणचा, अशा तीन क्लासची माहितीपत्रकं आठवडाभर पुंडलिकच्या टेबलावर पडून होती. रोह्याच्या एका कंपनीत तो मेंटेनन्स इंजिनीअर होता. हाताखालच्या अकरा टेक्निशियनना कामाचं नियोजन शिकवायला त्यातला एक निवडायचा होता.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते त्याच्याच तोंडामुळे. वार्षिक दुरुस्तीसाठी बंद केलेला प्लांट आठ दिवस उशिरा सुरू झाला. पंपाचं सील वेळेत मागवायला खुद्द पुंडलिक विसरला होता. प्लांटचे मॅनेजर गद्रे साहेबांनी जाब विचारला, तेव्हा तो बोलून गेला, की माणसांना नियोजनच येत नाही.

दोन दिवसांनी साहेब त्याला बोलावून म्हणाले, "मग शिकवू या. अगदी पायापासून. क्लास तुम्हीच निवडा, आणि बसा त्यांच्याबरोबर."

पुंडलिकने पेणचा निवडला. जवळचा आणि मराठीतला. ऐन भातकापणीत तीन रविवार जाणार म्हटल्यावर माणसं कुरकुरतील असं त्याला वाटलं होतं. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात जुना फिटर केरू एवढंच म्हणाला, "येतो की साहेब."

जाताना वाटेतल्या कासू गावापर्यंत पुंडलिक गाडीच्या खिडकीबाहेरच बघत राही. शेतांत बायका एकट्याच कापणीला वाकलेल्या असत. त्याला स्वतःची लाज वाटे.

वर्गात तर केरू सारखा हात वर करायचा. "सामान कधी मागवायचं ते परत सांगा गुरुजी. डोक्यात शिरत नाय."

गुरुजी पुन्हा सांगायचे. तीस वर्षं पंप खोलणारा माणूस आपल्या खोटेपणापायी सगळ्यांसमोर अडाणी ठरतोय, हे पुंडलिकला बघवत नव्हतं. पण खरं बोललं तर नोकरी जाणार, म्हणून तो मुकाट्याने वहीत लिहून घ्यायचा.

तिसरा रविवार संपला आणि त्याला राहवेना. सोमवारी सकाळीच त्याने साहेबांना सगळं सांगून टाकलं आणि राजीनामा पुढे ठेवला.

साहेबांनी कागद वाचलासुद्धा नाही.

"ऑर्डरची तारीख मी तेव्हाच पाहिली होती," ते म्हणाले. "तुम्हाला काढणारच होतो. तेवढ्यात केरू आला. म्हणाला, काढू नका साहेब, शिकायला धाडा त्यांना. एकट्याला लाज वाटेल, आमी अकराजण बसतो बरोबर."